साडेतीन फुटांचं स्वागत

मुंबई-ठाण्याकडच्या टू-बीएचकेत मुख्य दार उघडलं की हॉलकडे नेणारा एक बोळ लागतो. रुंदी साडेतीन फूट, लांबी सात फूट. बिल्डरच्या छापील नकाशात तिथे एक कुंडी आणि एक आरसा दाखवलेला असतो. माणसं राहायला आली की तिथे काय जमतं? चौघांच्या चपला-बूट, पाच छत्र्या (त्यांतल्या दोन मोडक्या, पण काड्या शाबूत म्हणून ठेवलेल्या), हेल्मेट, आजोबांची काठी, इस्त्रीला द्यायचं गाठोडं, परत करायचं राहिलेलं कुरिअरचं खोकं. भिंतीवर एमसीबीची पेटी असते आणि ती झाकायला टांगलेलं वारली चित्र. दिवे गेले की घरातला एक जण अंधारात ते चित्र उतरवत असतो.

या बोळाची किंमत कोणी काढत नाही. 2016 च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची व्याख्या केली, तिच्यात घरातला पॅसेजही आला. म्हणजे हॉलचा जो भाव तोच याचा. चौरस फुटाला 20 हजार धरले, तर चार लाख नव्वद हजार. त्यात 30 इंच रुंद आणि 14 इंच खोल असं चपलांचं कपाट ठेवलं, की जवळजवळ तीन चौरस फूट गेले. कपाट आठ हजारांचं, त्याखालची लादी 58 हजारांची! हा हिशेब शहाणे नवरे घरात मांडत नाहीत. ‘मग तुमच्या त्या व्यायामाच्या सायकलखाली किती?’ हा प्रश्न ठरलेला असतो.

कोकणातल्या घरांना ही अडचण कधी आली नाही. खळं, पडवी, ओटी ओलांडत माणूस माजघरापर्यंत जायचा. चपला खळ्याच्या कडेलाच राहायच्या. फर्निचर म्हणाल तर भिंतीतल्या खुंट्या, आणि ऐपत असेल तर झोपाळा. गोव्याच्या जुन्या घरांत बाल्कांवमध्ये, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दगडी बाकंच बांधलेली, गावात कोण कुठे निघालंय हे बसल्याजागी कळण्याची सोय. चाळीत खोली लहान, पण गॅलरी सगळ्यांची. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचं घर मिळतं. माणसांना जागा तिप्पट होते आणि इतकी वर्षं गॅलरीत काढलेल्या चपलाही आत राहायला येतात.

ज्यांना त्या आत नकोत, ते रॅक दाराबाहेर ठेवतात. आगीच्या वेळी धुरातून जिन्याकडे धावणाऱ्याला शेजाऱ्याचं रॅक दिसत नाही, म्हणून सामाईक पॅसेज मोकळा ठेवायचा असतो. त्यावर वाद नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतीची यंत्रणा ठीक असल्याचा ‘नमुना बी’ दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. त्या सुमारास फळ्यावर सूचना लागते, रॅकं आत जातात आणि महिनाभरानं एकेक करून परत बाहेर येतात. पहिलं सेक्रेटरींचं.

तेव्हा कपाट घ्यायचंच, आणि तेही आतल्या बाजूला. दुकानात गेलेलं कुटुंब रुंदी बघतं, उंची बघतं, अक्रोडी रंग की सागवानी यावर अर्धा तास भांडतं. खोली किती इंच, हे कोणी विचारत नाही, आणि छोट्या पॅसेजमध्ये सगळा खेळ तिथेच असतो. पुरुषाचा आठ नंबरचा बूट साधारण 11-12 इंच लांब. तो फळीवर सरळ ठेवायचा तर कपाट 13-14 इंच खोल होणारच. झुकत्या खणांच्या कपाटात मात्र खण पुढे ओढायचा, बूट तिरका उभा करायचा आणि ढकलून द्यायचा. तेच काम सात ते नऊ इंचांत भागतं. डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला दालन उघडणाऱ्या आयकियाचं ‘ट्रोनेस’ हे कपाट तर अवघं 18 सेंटिमीटर खोल, म्हणजे सात इंच. मोबाइलवरचा फोटो दाखवला की आपले सुतारही तसं करून देतात. वर ‘फळी थोडी मोठी घेतली असती तर बरं झालं असतं’ हे ऐकवतात, ते वेगळं. राजगडाहून आलेले चिखलाचे ट्रेकिंग बूट त्यात मावत नाहीत, हे खरं. ते पेपरावरच राहतात, आणि तेवढं चालतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या शहरात लोक गुळगुळीत सनमायकाची, घट्ट बंद होणारी कपाटं करतात आणि ओल्या चपला आत कोंडतात. मग दार उघडलं की पाहुणा आपसूक एक पाऊल मागे सरतो. 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल अशा कपाटात श्रावणापर्यंत हिरवी होते. मानांकनाचा बुरशीवर काही परिणाम होत नाही. दारांना जाळी किंवा फटी हव्यात. भुशाचा बोर्ड ओलीनं फुगतो, म्हणून निदान खालचा भाग आयएस 710 च्या मरीन प्लायचा करून घ्यावा. सुतार म्हणतोच, ‘कशाला साहेब, चपलाच तर ठेवायच्यात.’ पण बाहेरचं पाणी घरात आणतात त्या चपलाच. आणि कपाटाला चार इंचांचे पाय हवेत. लादी पुसणाऱ्या मावशींचा हात खाली जात नसेल, तर तिथे काय साठतं ते दिवाळीच्या सफाईत कळतं.

वास्तुतज्ज्ञांचं एक स्वतंत्र प्रकरण असतं. दार ईशान्येला असेल तर उत्तम, आणि ईशान्येला चपला निषिद्ध. माणसानं चपला काढायच्या कुठे, या प्रश्नावर ते शांतपणे दुसरा चहा घेतात.

या साऱ्यात एक गोष्ट कायम राहून जाते, ती म्हणजे बसायची जागा. आजोबा एक हात भिंतीवर आणि दुसरा नातवाच्या डोक्यावर ठेवून बूट घालतात. नातू हलला की दोघंही हलतात. 17-18 इंच उंचीवर, भिंतीला बिजागरीनं बसवलेली घडीची फळी पुरते. वापरून झाली की मिटते, बोळ मोकळा. शोभेच्या कन्सोल टेबलाला जो खर्च होतो, त्याच्या थोडक्या भागात हे काम होतं. त्या टेबलावर पहिल्या आठवड्यात फुलदाणी असते, दुसऱ्या महिन्यापासून लाइट बिलं आणि कोथिंबिरीची जुडी. छत्र्यांना चार खुंट्या, किल्ल्यांना एक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पन्नास जोड येतात म्हणून पन्नास जोडांचं कपाट करू नये. त्या दिवशी चपला दाराबाहेर ढिगात पडतात आणि जाताना दोन बायका एकमेकींच्या घालून जातात. त्यावर फर्निचर हा उपाय नाही.

मापं घेताना दार पूर्ण उघडून घ्यावीत. कपाटाचं दार आणि घराचं दार एकाच वेळी उघडलं की मधे कोण उभं राहू शकतं, हेही बघावं. बहुतेक घरांत उत्तर येतं, कोणीच नाही.

आणि फ्रीज विसरू नये. 42 इंचांच्या बोळातून 14 इंचांचं कपाट वजा केलं की उरतात 28. डबल-डोअर फ्रीज 27 इंचांपर्यंत रुंद असू शकतो, शिवाय दोन्ही बाजूंना हमालांची बोटं. सात इंचांच्या कपाटापुढे 35 उरतात, त्यात बोटंही वाचतात. तेव्हा फ्रीज किंवा सोफा बदलायचा विचार असेल, तर आधी तो घरात आणा; सुताराला नंतर बोलवा.