दहावा महिना

बेलपाड्यात भाड्याने राहणाऱ्याला कॅलेंडर लागत नाही. अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटचा दहावा महिना आपोआप कळतो. भाडेकरू भिंतीतले खिळे उपटून भोकांत टूथपेस्ट भरू लागतो, कारण डिपॉझिट परत हवं असतं. पावसाळ्यापासून गळणारा नळ मालक गुपचूप बदलतो, कारण नव्या ॲग्रीमेंटला भाडं वाढवायचं असतं. मुदत संपत आली की माणूस सुधारतो, हे इथे दारोदार सिद्ध झालंय.

अमेरिकेत हाच वाद बेसबॉलच्या मॅनेजरवरून घालतात: कराराचं शेवटचं वर्ष असलं की गडी जास्त घाम गाळतो का? त्यांचं बरं आहे. एका हंगामात 162 सामने, हिशेबाला वही तरी भरते. आपल्याकडे क्रिकेट प्रशिक्षकाचा करार वर्ल्ड कपच्या खुंटीला टांगलेला. आठ-दहा सामन्यांत माणूस एक तर ऋषी, नाहीतर रिकामटेकडा.

राहुल द्रविडचंच घ्या. 2021च्या नोव्हेंबरात आला, करार 2023च्या वर्ल्ड कपपर्यंत. मुदत संपत आली आणि सलग दहा सामने जिंकले. सिद्धांत खरा! 19 नोव्हेंबरला अहमदाबादला अकरावा हरले. सिद्धांत खोटा. (अकराव्यालाच घोळ होतो, हे कुठल्याही एजंटाने सांगितलं असतं. दोनच दिवस आधी आमच्या बेलपाडा स्टेशनात मेट्रो आली होती. तिचं काम 2011चं. मुदतीचा विषय तिच्यासमोर काढू नये.)

मग रोहित शर्माने फोन करून द्रविडला थांबवलं, करार वाढला आणि 29 जून 2024ला ब्रिजटाउनमध्ये ट्वेंटी-20चा कप हातात आला. सात धावांनी. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हवे होते, आणि शेवटच्या षटकात सूर्यकुमार सीमारेषेवर आत-बाहेर नाचत झेल घेऊन मोकळा झाला. त्याचा बूट दोरीला लागला असता, तर कराराचं कुठलं कलम मदतीला धावलं असतं?

द्रविडच्या आधीच्या रवी शास्त्रीचंही तेच, फक्त उलटं. मुदत शिल्लक होती तेव्हा ऑस्ट्रेलियात दोनदा कसोटी मालिका जिंकल्या. 2021च्या ट्वेंटी-20 वर्ल्ड कपला करार संपणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. पाकिस्तानने दहा गडी राखून धुतलं, न्यूझीलंडने आठ, आणि उपांत्य फेरी टीव्हीवर बघितली.

ब्रिजटाउनला कप जिंकल्यावर द्रविड पत्रकारांना हसत म्हणाला, पुढच्या आठवड्यापासून मी बेकार, कुठे काम असेल तर सांगा. बक्षिसात त्याच्या वाट्याला पाच कोटी होते. बाकीच्या प्रशिक्षकांना अडीच म्हणून त्यानेही अडीचच घेतले, अशा बातम्या आल्या. स्वतःच्या डिपॉझिटमधून आपण होऊन अर्धे कापून देणारा भाडेकरू बेलपाड्यात अजून कुणी पाहिलेला नाही. मालक तर नाहीच नाही.