बोटं घासून या

हातात मावणारा आणि खिशाला परवडणारा टॅबलेट हवा, असं दुकानात म्हणून तर बघा. सेल्समन आधी अकरा इंची पुढे करतो आणि मग ‘सर, त्यापेक्षा मोठा फोनच घ्या ना’ म्हणून मोकळा होतो. त्याचंही चुकत नाही म्हणा. फोनच आता पावणेसात इंचांना भिडलेत.

लहान टॅबलेटच्या नशिबी हेटाळणी पहिल्यापासूनच. सात इंची पडद्यासोबत बोटं घासायला सँडपेपरही द्या, असा टोमणा 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी मारला होता. 2012 मध्ये त्यांच्याच कंपनीने 7.9 इंची आयपॅड मिनी काढला! सँडपेपर कुठे खोक्यात दिसला नाही. आपल्या सरकारी ‘आकाश’ टॅबलेटची (2011) तऱ्हा आणखी न्यारी: रॅम 256 एमबी, आणि पडदा असा की नुसतं बोट टेकवून भागत नसे, रेटावं लागे.

आता खोक्यावर ठळक छापतात ‘4+4 जीबी रॅम’. पहिले चार खरे. पुढचे चार स्टोरेजमधून उसने. कर्ज धरून पगार सांगावा, तसं. ‘वाइडवाइन एल1 आहे का?’ विचारलंत, तर सेल्समन कव्हर दाखवतो. एल1 नसलं की नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही. कव्हर मात्र तीन रंगांत मिळतं.