खुर्चीवरच्या रुमालास अनावृत पत्र

श्री. रा. रा. बागायतदार रुमाल यांसी,
मुक्काम खुर्चीची पाठ, जळगाव.

स. न. वि. वि.

आपल्या कार्यालयात सगळ्यांत नियमित कोण, असे कुणी विचारले तर मी बिनदिक्कत आपले नाव सांगतो. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, उरलेसुरले शनिवारही सुटीत जमा झाले आणि त्या बदल्यात रोजचा दिवस पाऊण तासाने लांबला. पावणेदहा ते सव्वासहा. तो वाढीव पाऊण तास इमानाने भरणारे आपण एकटेच. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, पंखा गरम हवा ढवळत राहतो, पण आपण जागचे हलत नाही. जेवणाची अर्ध्या तासाची सुटीसुद्धा आपण कधी घेतली नाही.

आपले मालक मात्र धुळ्याहून अपडाऊन करतात. जाऊन-येऊन एकशे ऐंशी किलोमीटर. मुख्यालयी राहत असल्याचा दाखला फायलीत आहे, घरभाडे भत्ता पगारात आहे आणि साहेब अजून मुकटी-पारोळ्याच्या दरम्यान आहेत. पूर्वी उशिराला फागणे-तरसोद महामार्गाचे रखडलेले चौपदरीकरण हमखास उपयोगी पडायचे. ते काम पुढे सरकू लागले तशी पंचाईत झाली. बरे झाले, तोवर ‘साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) आहेत’ हे वाक्य निघाले होते.

वेळेचे नियोजन शिकवायला आता बाहेरून व्याख्याते येतात. कशाला? जिल्हाधिकारी लखीनांनी ऐंशीच्या दशकात नगरच्या आपल्या कार्यालयाला लावलेली शिस्त आपल्याकडे अजून ‘लखीना पॅटर्न’ म्हणून सांगतात. त्यातली कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत तर कारकुनाला झोपेतही पाठ असते. या सहांतला ‘प्रतीक्षाधीन’ हा गठ्ठा आपल्या मालकांचा विशेष लाडका. त्यात पडलेला कागद रेंगाळत नाही, तो दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहतो. फार सोज्ज्वळ सोय आहे.

शिवाय दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आहेच. एका कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, तातडीची असेल तर चार दिवसांत हलावी. आपले मालक हा कायदा तंतोतंत पाळतात. सातव्या दिवशी ते फाईलवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतात आणि ती शेजारच्या टेबलावर जाते. तिथले भाऊसाहेब आठवडाभराने ‘त्रुटीपूर्तता करून सादर’ असे लिहून ती परत पाठवतात. कुणाच्याच टेबलावर आठवा दिवस उजाडत नाही. याच कायद्यात, दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नाही अशा फाईलच्या निर्णयाला पंचेचाळीस दिवसांची मुदतही आहे, पण ते कलम वाचायला कुणाला सवड झालेली दिसत नाही. चर्चा मात्र व्हायची असते आणि चर्चा करणारे साहेब एरंडोलला चहा पीत असतात.

परवा अमळनेरकडचे एक आबा वारस नोंदीच्या कामासाठी आले होते. शिपाईदादा म्हणाले, “आबा, साहेब आत्तेच चहा पेवाले गयात. रुमाल देखा ना!” आबांनी आपल्याकडे पाहिले आणि निश्चिंत मनाने बाकावर बसले. सव्वासहापर्यंत बसले. सातबारा, फेरफार, मृत्यूचा दाखला, साऱ्या कागदांवर त्यांना शंका होती, आपल्यावर नव्हती.

म्हणून विनंती एवढीच. गोपनीय अहवालात आपल्याला ‘अत्युत्कृष्ट’ शेरा मिळावा अशी माझी मनापासून शिफारस आहे. पण साहेब येणारच नसतील त्या दिवशी आपण खुर्चीवरून उतरावे आणि मागच्या खिडकीत वाळत बसावे. म्हणजे आबांना दुपारचीच एसटी धरता येईल.

कळावे,
आपल्याच गठ्ठ्यातला एक अर्जदार

प्रत : छताचा पंखा (रिकाम्या खुर्चीवर दिवसभर फिरतो), माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी.