माजी सेफ्टी ऑफिसरसाहेबांस खुले पत्र

प्रति,
माजी सेफ्टी ऑफिसरसाहेब,
मुक्काम बंगल्याचं छप्पर, सेक्टर २५, निगडी प्राधिकरण

सा. न. वि. वि.

परवा भेळ चौकातून घरी येताना मान वर केली, तर आपण छपरावरच्या डांबरी शिंगलच्या उतारावर उभे. पायात ओल्या स्लीपर, कमरेला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, हातात गाडी धुवायचा प्रेशर पंप. ऊर भरून आला. चाकणच्या कारखान्यात दर ४ मार्चला हात पुढे करून कामगारांकडून सुरक्षेची शपथ वदवून घेणारे आपणच ना? वर चढणाऱ्याकडे परमिट नाही, हार्नेस नाही, म्हणून काम बंद पाडणारेही आपणच. माणूस निवृत्त झाला की त्याच्यापुरतं गुरुत्वाकर्षणही निवृत्त होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

छपरावरच्या काळ्या डागांवरचा आपला राग समजू शकतो. लोणावळ्याच्या फार्महाऊससारखं छप्पर हौसेनं घातलं आणि चार पावसाळ्यांत त्याचा तवा झाला. हे डाग पाडणाऱ्या शेवाळाचं नाव ग्लिओकॅप्सा मॅग्मा. शिंगलमधल्या चुनखडीच्या भुकटीवर ते पोसतं आणि उन्हापासून वाचायला अंगावर काळं आवरण घेतं. दिसायला वाईट, पण त्यापायी छप्पर उद्या कोसळत नाही. आपण मात्र कोसळू शकता.

पंपानं कामगिरी चोख बजावली. डागांबरोबर शिंगलवरची बारीक खडीही पन्हाळीत उतरली. खालच्या डांबराला उन्हापासून राखणारी तीच. आता उरलेल्या डागांवर संडासचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतायचा बेत आहे म्हणे. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला, तो क्लोरीन वायू प्राधिकरणात घरच्या बादलीत तयार होणार! कळवलंत तर आम्ही खिडक्या लावून घेऊ.

शिंगल बनवणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेचा सल्ला त्यामानानं अगदीच मिळमिळीत आहे. कपड्यांचं लिक्विड ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, फवारा, १५-२० मिनिटं थांबा, साध्या नळीनं हलक्या धारेत धुवा. पंप नाही, घासाघीस नाही. आपल्याकडे त्यात एवढीच भर घालायची की खालच्या जास्वंदीवर आधी आणि नंतर भरपूर पाणी मारायचं, आणि बोअरकडे जाणारा पावसाचा पाइप तेवढ्यापुरता सोडवून ठेवायचा. शिडीवरून पोचत नसेल तर हार्नेस आहेच. तो कसा बांधतात हे आम्ही आपल्याला काय सांगणार! माथ्यालगत तांब्याची किंवा जस्ताची पट्टी बसवली, तर तिच्यावरून ओघळणारं पावसाचं पाणीच शेवाळाला आवर घालतं. पण मग वर चढायला निमित्त कुठून आणायचं?

आपला,
खालच्या रस्त्यानं जीव मुठीत धरून जाणारा शेजारी

ता. क. रविवारी नाक्यावरून एक पोरगा आणून त्याला वर चढवणार आहात, असं ऐकलं. त्याच्याकडून शपथ वदवून घेणार आहात, की नुसतीच दोरी देणार?