शंभर मीटरची शिल्लक

घरच्या घरी ग्लायडर बांधायचं खूळ चाळीसगावात कुणाच्या डोक्यात शिरलंच, तर पहिली अडचण येईल ती ओसरीची. अमेरिकेत १९७८ साली उडालेल्या ‘वुडस्टॉक’ या एकआसनी लाकडी ग्लायडरच्या पंखांचा पसारा जवळपास १२ मीटर. पंख मधोमध सुटतात हे खरं. पण सहा मीटरचा एकेक तुकडासुद्धा ओसरी ओलांडून थेट सासूबाईंच्या पलंगाखाली जातो. शिवाय चैत्रात असा लांबरुंद, गुळगुळीत पंख अंगणात दिसला, की दुपारपर्यंत त्यावर बिबडे वाळत घातलेले असणार.

पंखाची ताकद तपासायची रीत मात्र खानदेशाला सोयीची. पंख उलटे टेकवून त्यांवर पोती रचायची. ग्लायडर ११० किलोचं आणि मालक ८० किलोचा धरला, तर चौपट भार होतो ७६० किलो. म्हणजे साडेसात क्विंटल बाजरी! मार्केट यार्डातला हमालही हा हिशेब तोंडी सांगेल.

नावाचा प्रश्न सरकारी अभियंत्यांनी आधीच सोडवलाय. एस. रामामृतम यांची दोन आसनी ‘रोहिणी’ १९६१ साली उडाली, एकआसनी ‘कार्तिक’ १९६३ साली. रोहिणीकडे डोळे लावून आकाशात बघायची सवय इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या आहेच.

वेडात सोबतही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते वर जाण्याआधी खाली उतरवावं लागलं. २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली ते उडालं, तेही शेजारच्या धुळ्याच्या धावपट्टीवरून. पण त्याला इंजिन होतं.

ग्लायडरला असतो फक्त हिशेब. २० मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. समजा, पाटणादेवीच्या डोंगरावर घारींमागोमाग घिरट्या घालत गावाच्या पातळीपासून एक हजार मीटर उंची मिळवली. चाळीसगाव १८ किलोमीटर, म्हणजे ९०० मीटर खर्च. शिल्लक शंभर! भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा १२०७ सालचा शिलालेख त्याच पाटणादेवीच्या पाटणात आहे. आजोबांच्या ‘लीलावती’त शोभेल असं हे उदाहरण.

फक्त समोरून वारा नाही, असं गृहीत धरलेलं. तो असला, की गाव येण्याआधीच कुणाच्या तरी कपाशीच्या वावरात उतरावं लागतं. मालक धावत येतो.

“काय भाऊ, पेट्रोल संपलं?”

“यात पेट्रोल नसतंच.”

तो पंखांकडे बघतो, चाकाकडे बघतो आणि बाह्या सरसावतो.

“मग धक्का मारू का?”