फोडणी नदीपार

इंदूरच्या लालबाग महालाचं काम १८८६ साली सुरू झालं नि १९२१ साली संपलं. होळकरांचा मुदपाकखाना मात्र कान्ह नदीच्या पलीकडे. ताटं भुयारातून यायची. मिरचीचा ठसका दरबारात नको म्हणून की काय, मध्ये अख्खी नदी! न बिघडणारा, वीज न खाणारा एक्झॉस्ट.

आमच्या सोसायटीला नदी नाही, डक्ट आहे. निवडताना निकष एकच: सर्वांत स्वस्त कोटेशन. आता जाळीवर तेलाचा एवढा थर, की बोट लावलं तर चिकटतं. शाफ्टात कबुतरीचं तिसरं बाळंतपण. तिसऱ्या मजल्यावर बोंबील तळले की सातव्यावरच्या आजींची एकादशी मोडते. जाळी धुण्याचा विषय सभेत निघाला होता. चहा आला, राहिला.