आत्ताच टाकलंय!

जुनी मोटार विकायला चांगला मुहूर्त कोणता, असं कुणी विचारलं तर छातीठोकपणे सांगतो, तसा मुहूर्त पंचांगात नाही. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून यथासांग पूजा झालेली असते. त्यानंतर आठवड्याभरात तिला घराबाहेर काढणं माणुसकीला धरून नाही. दिवाळीत पाहुणे येणार, गाडी हाताशी हवी. डिसेंबरात नवी घ्यावी तर पंधरा दिवसांत तिचं मॉडेल ‘गेल्या वर्षीचं’ होतं. मार्चमध्ये इन्कम टॅक्स, मे महिन्यात गावाकडं लग्नं. पावसाळ्यात नवीकोरी गाडी चिखलात कोण घालणार? आणि पावसाळा सरला की पितृपक्ष. त्यात तर कुणी खिळासुद्धा विकत घेत नाही.

आमच्या सोसायटीतल्या काकांनी हे चक्र गेली कित्येक वर्षं निष्ठेनं सांभाळलं आहे. त्यांची गाडी २००६ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण इतक्या वर्षांत तिच्यात कंपनीचं असं फारसं काही उरलेलं नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. काच खाली करायची, हात बाहेर घालायचा आणि हँडल जरा वर उचलून ओढायचं. काच खाली जाते आपली आपण, वर आणताना मात्र दोन्ही तळव्यांत धरून तिची समजूत काढावी लागते. रेडिएटरचा पंखा पूर्वी इंजिन तापलं की आपोआप फिरायचा. आता मेकॅनिकनं त्याची वायर थेट डॅशबोर्डवरच्या एका बटणाला जोडून दिली आहे. बटण घरातल्या ट्यूबलाइटचं असतं तसलंच. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी काका नुसतं ‘पंखा’ म्हणतात आणि काकू बटण दाबतात. तेवढ्यानं भागलं नाही तर काटा लाल पट्ट्याकडं सरकायच्या आत सगळ्या काचा खाली करून हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची धग गाडीत येते आणि इंजिनाला थोडा दिलासा मिळतो. मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता, खंबाटकीच्या चढावर, हीटर लावून निथळत चाललेलं एखादं जोडपं दिसलं तर ते आमचे काका-काकू आहेत, असं खुशाल समजा.

एवढ्यावर कुणीही विचारेल, की मग विकत का नाहीत? त्याचं उत्तर काकांच्या तोंडी तयार असतं: ‘अरे, आत्ताच बॅटरी टाकलीय!’

या एका वाक्यावर ही गाडी चालते, पेट्रोलचं नुसतं निमित्त. दोन वर्षांची वॉरंटी असलेली बॅटरी आतमध्ये असताना गाडी विकायची म्हणजे घेणाऱ्याला बॅटरी फुकट दिल्यासारखं. तेव्हा बॅटरीचे पैसे वसूल होईपर्यंत थांबायचं ठरलं. थांबले, तोवर अल्टरनेटर गेला. अल्टरनेटर टाकला. आता अल्टरनेटर नवा म्हटल्यावर विकायचा प्रश्नच मिटला. तो जुना व्हायला आला तेव्हा टायर गुळगुळीत झाले होते. गुळगुळीत टायरच्या गाडीला भाव येत नाही म्हणून विकण्यासाठी, फक्त विकण्यासाठी, चार नवे टायर टाकले. आणि चार नवे टायर असलेली गाडी विकायला काय काका वेडे आहेत? कुठल्याही क्षणी या गाडीतली एक तरी वस्तू सहा महिन्यांच्या आतली असते. जोवर हे असं आहे तोवर ही गाडी अमर आहे.

मध्यंतरी सरकारनं काकांच्या हातात आणखी एक हुकमाचं पान दिलं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ‘हाय सिक्युरिटी’ नंबर प्लेट सक्तीची झाली. मुदतीवर मुदत वाढत गेली, पण काकांनी पहिल्या मुदतीतच रांग लावली. ती प्लेट बसवताना असं लॉक ठोकतात की काढायची म्हटलं तर तोडावंच लागतं. गाडीत न हलणारी अशी ही एकच गोष्ट. ‘नवी प्लेट आत्ताच टाकलीय’ हे काकांनी मला ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात लोक सुनेचं डोहाळजेवण सांगतात.

मेकॅनिकबद्दल लिहायला हवं, कारण या घरातला खरा निर्णयाधिकार त्याच्याकडं आहे. तो गाडी बंद करू देत नाही आणि बरीही होऊ देत नाही. बॉनेट उघडून आधी तो थोडा वेळ गप्प उभा राहतो. मग म्हणतो, ‘काका, इंजिनाला हात लावायचं काम नाही. एक नंबर इंजिन आहे.’ काकांची छाती फुगते. ‘फक्त हेड उतरवून बघू.’ हेड उतरवणं म्हणजे हात लावणं नव्हे, हे आपल्यासारख्या अडाण्यांना कळत नाही. हेड उतरवल्यावर गॅस्केट गेलेलं निघतं. गॅस्केट का गेलं, तर इंजिन तापत होतं म्हणून. इंजिन का तापत होतं, या प्रश्नावर तो पान थुंकायला बाहेर जातो. मागच्या खेपेला थर्मोस्टॅट त्यानंच काढून टाकला होता, ‘नसलेलाच बरा’ म्हणून. त्यामुळं थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं, ते निराळंच. शेवटी स्पार्क प्लगच्या खोक्याच्या पाठीवर हिशेब होतो आणि तो ऐतिहासिक प्रश्न येतो: ‘ओरिजिनल टाकू की लोकल?’ काका म्हणतात ओरिजिनल. बिल ओरिजिनलचं होतं. माल नाना पेठेतून येतो की बुधवारच्या जुन्या बाजारातून, यावर मी मत देणार नाही.

गेल्या खेपेचं बिल झालं बेचाळीस हजार. गाडीची विम्यातली किंमत चाळीस हजार. विमा कंपन्यांचा यात एक साधा नियम आहे. अपघातात दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी कामातून गेली असं समजायचं, पैसे द्यायचे आणि मोकळं व्हायचं. म्हणजे तीस हजारांवरची ठोकर बसली असती तर कंपनीनं गाडीचं श्राद्ध घातलं असतं. पण इथं अपघात झालेला नाही, फक्त वय झालंय. तेव्हा काकांनी बेचाळीस हजार मोजले आणि वर म्हणाले, ‘एकदाच काय तो खर्च होऊन जाऊ दे, मग चार वर्षं बघायला नको.’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडीत कॅसेट वाजत होती.

काकांचा मुलगा बंगळुरूला असतो. तो दर सुट्टीत लॅपटॉपवर तक्ता घेऊन येतो आणि बापाला सिद्ध करून दाखवतो, की गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग म्हणजे व्यवहार बुडीत. आता खरं सांगायचं तर मुलाचा हिशेब चुकीचा आहे. जुन्या गाडीची किंमत किती, याच्याशी दुरुस्तीची तुलना करून काय उपयोग? तुलना करायची ती नवी गाडी वर्षाला किती खाईल त्याच्याशी. पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता दहा हजारांच्या थोडा वरच बसतो. म्हणजे वर्षाला सव्वा लाख. नव्या गाडीची विम्यातली किंमत सहा महिन्यांनंतर १५ टक्के उतरलेली धरतात, पुढच्या वर्षी २० आणि पाच वर्षं भरता भरता निम्मी. या आकड्यांपुढं बेचाळीस हजार ही किरकोळ रक्कम आहे. तेव्हा काकांचं उत्तर बरोबर, कारणं सगळी चूक. मुलाचा निष्कर्ष कदाचित बरोबर, आकडे सगळे चूक. दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत हे बरंच आहे. ऐकलं असतं तर दोघांचंही चुकलं असतं.

घरात ठरत नसेल तर सरकारनं ठरवावं, असं वाटणाऱ्यांसाठी सरकारची कामगिरी पाहू. २०२५ च्या घटस्थापनेला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मुलगा फोनवर ओरडला, ‘बाबा, आता घ्या!’ पण त्याच दिवशी गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटीही २८ वरून १८ वर आला. काका ओरडले, ‘आता दुरुस्ती स्वस्त!’ तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच वजन काढून घेतल्यावर काटा हलेल कसा?

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. यातलं काही आपल्याच उसाचं, त्यामुळं मराठी माणसानं तक्रार करायची सोय नाही. जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज यानं ६ ते ७ टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं. शिवाय जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग बदलावे लागतील, पण ते स्वस्त आहेत, असंही आपल्याला सांगण्यात आलं. काकांनी लगेच रबरी पाइप बदलून घेतले. म्हणजे आणखी काहीतरी ‘आत्ताच टाकलंय’.

राहिलं रजिस्ट्रेशन. खासगी मोटारीला ते १५ वर्षांचं मिळतं, मग तपासणी करून दर ५ वर्षांनी पुढं ढकलायचं. काकांनी २०२१ मध्ये ते काम सहाशे रुपयांत उरकलं होतं. पुढच्या वर्षी त्याचे पाच हजार झाले आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. लोकांनी कंटाळून जुन्या गाड्या टाकून द्याव्यात हा यामागचा हेतू. काकांनी दहा हजार भरले. आता ते वसूल व्हायला हवेत, म्हणजे २०३१ पर्यंत गाडी विकायचं नावच नको. जुन्या गाड्या रस्त्यावरून हटवण्याच्या धोरणानं एक जुनी गाडी पाच वर्षांसाठी रस्त्यावर पक्की केली.

भंगारात द्यावी, तर २०२१ च्या धोरणात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळतील असं म्हटलंय आणि गाडी भंगारात दिल्याचं प्रमाणपत्र दाखवलं की नव्या गाडीच्या करात सूट. काका एकदा भंगार केंद्रावर जाऊन आले. तिथं गाडी वजनावर घेतात हे कळल्यावर जेवले नाहीत.

त्यापेक्षा मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं बरं होतं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नियमानं निवृत्त झाली. मालकाला डोकं चालवावं लागलं नाही. त्या आठवड्यात जे जे हळहळले, ते मोबाइलवर एसी कॅब बोलावून हळहळत घरी गेले.

या सगळ्यात काकूंना कुणी काही विचारलेलं नाही. पण त्यांची पद्धत मला दिसलेली आहे. दवाखान्यात जायचं असलं की रिक्षा. स्टेशनवर, लग्नाला, बँकेत वेळेच्या आत, सगळीकडं रिक्षा. गाडी फक्त तिथं, जिथं नाही पोचलं तरी चालतं: भाजी, देऊळ आणि नवऱ्याच्या मित्रांकडं. दुरुस्तीचा खरा खर्च गॅरेजच्या बिलात दिसत नाही, तो काकूंच्या पाकिटातल्या रिक्षाच्या सुट्ट्या पैशांत दिसतो. गाडी बदलायची की नाही, हा प्रश्न त्यांनी केव्हाच निकालात काढला होता. फक्त घोषणा केली नव्हती.

घोषणा अखेर या पाडव्याला झाली. शोरूमचा पोरगा जुनी गाडी बघायला आला. दार उघडायची खुबी न कळल्यामुळं त्यानं तिची पाहणी बाहेरूनच केली आणि अडतीस हजार म्हणाला.

‘अहो, टायरच अठरा हजारांचे आहेत!’ काका म्हणाले.

‘सर, टायर धरूनच सांगितले.’

बोलणी तिथंच फिसकटली. नवी गाडी आली, काकूंच्या नावावर. जुनी ‘असू दे, अडीअडचणीला’ म्हणून राहिली. सोसायटीत फ्लॅटला एकच झाकलेलं पार्किंग, आणि जुनीला ऊन सोसत नाही असं काकांचं म्हणणं. त्यामुळं नऊ लाखांची नवी गाडी गेटबाहेर, गुलमोहराखाली, कावळ्यांच्या हवाली असते. तिच्यावर घालायला काकांनी जुनीचं कव्हर दिलंय. ते मागून वीतभर आखूड पडतं, पण नवं आणायला ते तयार नाहीत. म्हणतात, गेल्याच महिन्यात त्याचं इलॅस्टिक बदलून घेतलंय.